मनकर्णाबाईच्या कोपराचं माप

तानबा : चपला बाहेर काढल्या, पाय पुसले. आता येऊ का आत, का नळावर आंघोळ भी करून येऊ?

भागीरथा : या ना, तानबाकाका. धूळ सोसत नाई या कॉम्प्युटरले. शेठजींनी माह्याकडून शप्पथ घेतली हाये.

तानबा : शेठ सोता काल इथंच बसून भजे खात होते. जाऊ दे. काऊन बोलावलं? भट्टी पेटवून आलो मी.

भागीरथा : हे पाहा. तुमची चाकाची खुर्ची. म्हणजे तिचा हात टेकवायचा पाइप. येते का ओळखू?

तानबा : काळ्या पाटीवर हिरवी रेघ. तू सांगतलं, त आलीच ओळखू. एक वाक, दोन, तीन, चार. वाक बरोबर हाये. उंची भी बरोबर दिसते. पण थोडं सैल वाटते, बाई.

भागीरथा : सैल?

तानबा : धोतर सैल नेसलं का चालताना समजते ना, तसं.

भागीरथा : काका, चार महिने सकाळची पॅसेंजर धरून नागपूरले गेली मी हे शिकाले. हे काई धोतर नाई. आपण माप द्याचं, लांबी कॉम्प्युटर सोता काढून देते. पाच फूट सात इंच एक सूत.

तानबा : असन. मले लांबीतलं समजत नाई. मी चार बोटं जास्तच कापतो. वाळू भरली, लाल केला, वाकवला, नमुन्याच्या तारेशी जुळवला, उरलं थे आरीनं उडवलं. अकरा वर्षांत मले कोणी लांबी नाई विचारली.

भागीरथा : आता नागपूरचे कारखानेवाले विचारून राह्यले. दवाखान्याले दिवाळीच्या आत दोनशे खुर्च्या पाह्यजे. तुमचे दिवसाचे चार पाइप होते. म्हणून वाकवाचं काम त्यांच्या मशीनवर, जोडाचं आपल्याकडे.

तानबा : थे सांगतलं मले शेठनं. जोडणी माह्याकडेच हाये म्हणाले.

भागीरथा : हो. पण त्यांची रीत उलटी हाये. ते पाइप आधी कापतात, टोकं चेपतात, भोकं पाडतात, अन् मग वाकवतात. मागून आरी लावाची सोयच नाई.

तानबा : म्हणजे लांबी चुकली त?

भागीरथा : चारशे पाइप भंगारात. अन् त्यांच्यासंगं मी. घरी बाबा वाटच पाहून राह्यले, का ही इथून कवा उठते अन् वडनेरच्या पाव्हण्यायले मले पाहाले कवा बोलावतो. मले हे काम सोडाचं नाई, काका. पह्यल्यांदा काईतरी मनासारखं भेटलं.

ओमप्रकाश : भागीरथाबाई, हुआ क्या? साडेदहाच्या बसनं फ्लॉपी गेली पाहिजे. कंडक्टर महादेवराव आपलाच माणूस आहे, हातोहात पोचवून देतो. अरे, तानबा, तू इथं?

तानबा : पाय पुसून आलो, शेठ.

ओमप्रकाश : ते बरं केलं. दहा वाजून गेले, बाई. मी स्कूटर काढतो. बघा, नागपूरवाले आजच पाइप कापायला घेणार आहेत. नंतर फोन करून ‘थांबा’ म्हणायची पाळी नको यायला.

भागीरथा : पंधरा मिनिटं द्या, शेठजी.

तानबा : गेले. आता खरं सांग. तुले भरोसा हाये का त्या आकड्यावर?

भागीरथा : सकाळपर्यंत होता. तुमी सैल म्हणाले अन् मले भी खटकाले लागला. तुमची तार आणली ना? तिच्यावरूनच मापं घेतलती मी.

तानबा : खांद्यावरच हाये. खिळ्यावरून काढली अन् आलो. मोज.

भागीरथा : काल मोजली. सुतळी लावून तीनदा मोजली, तीन आकडे आले. वाकावर सुतळी घसरते. अन् तुमची तार अशी भी वाकते अन् तशी भी.

तानबा : मग सरळ करून मोजू.

भागीरथा : काका, एकच तार हाये.

तानबा : एकच असते. दुसरी काढाले गेलं का दोन-चार सूत इकडचं तिकडे होते. अन् पंधरा मिनिटांत होत भी नाई.

भागीरथा : पण ही तुमी मनकर्णाकाकूच्या मापानं केलती ना? तुमच्या शेजारच्या शकुंतलाबाई सांगत होत्या.

तानबा : तिचा उजवा हात अन् पाय लकव्यानं गेलता. दवाखान्यातल्या खुर्चीत बसवलं का हात खाली लोंबे. म्हणून कोपराखाली तार धरली अन् वाकवत गेलो. इथं टोचते म्हणे, वाकव. तिथं दुखते म्हणे, उचल. तीन दिवस माह्या गुडघ्यावर हेच चाललं. चवथ्या दिवशी हात ठेवला अन् झोपली. बसल्या बसल्या झोपली. थे पाहून डॉक्टरनं अजून दोन खुर्च्या मागतल्या.

भागीरथा : मग काकूच्या मापानं नवीन करता येईन ना?

तानबा : आता कुठचं थे माप? लकवा उतरला, अंग धरलं तिनं. त्या खुर्चीवर कुरडया वाळू घालते अन् पार पिपरीच्या नाक्यापर्यंत मले हाका मारते. ह्या तारेतली मनकर्णाबाई आता नाई राह्यली, बाप्पा. बरंच हाये नाई राह्यली.

भागीरथा : मग नोको ना, काका. मी शेठजींले सांगते, आज जमलं नाई.

तानबा : अन् उद्या वडनेरचे पाव्हणे.

भागीरथा : अन् ड्रॉइंगमंधी दुसरं काई चुकलं असन त? मग काय पाहून सुधारू?

तानबा : वाक पाह्यले मी, उंची पाह्यली. माह्या डोळ्यावर तुह्या कॉम्प्युटरएवढा त भरोसा ठेव. सरक.

(तानबा तारेचं एक टोक खिडकीच्या गजात अडकवतो आणि एकेक वाक अंगठ्यानं दाबत सरळ करतो.)

तानबा : टेप धर. अन् रडू नोको, आकडा दिसणार नाई.

भागीरथा : पाच फूट... चार इंच. पूर्ण चार.

तानबा : अन् तुह्यं?

भागीरथा : सात अन् एक सूत. तीन इंच एक सूत जास्त. थांबा, काई बोलू नका. तार पाइपाच्या मधातून जाते, हो ना?

तानबा : तार म्हणजे पाइपाचं पोट.

भागीरथा : अन् गोलाईचं माप मी पाइपाच्या बाहेरच्या अंगानं घेतलं. चारही वाकांवर. काका, मी बाहेरून फिरली.

तानबा : वावराच्या धुऱ्यानं, बांधाबांधानं फिरलं का जास्तच चालावं लागते. मधून घे.

भागीरथा : त्रिज्येतून अर्धा इंच कमी केला का हर वाकात लांबी पाऊण इंचावर उतरते. हा एक. हा दुसरा. तिसरा. चवथा. आता लांबी... पाच फूट चार इंच.

तानबा : दाखव. हां. आता बसलं अंगाले.

ओमप्रकाश : झालं का? स्कूटर चालूच ठेवली आहे.

भागीरथा : झालं, शेठजी. फक्त खाली चौकटीत पाइपाचं नाव टाकाचं हाये.

ओमप्रकाश : नंबर टाका ना. एक नंबर.

भागीरथा : नंबर नाई. मनकर्णा टाकलं.

ओमप्रकाश : नागपूरवाले हसतील.

भागीरथा : हसू द्या. घ्या, ही फ्लॉपी. वाकवू नका, अन् महादेवरावांले सांगजा, विड्यांच्या खिशात नोको ठेवू म्हणा.

ओमप्रकाश : चलो. तानबा, तुझी भट्टी विझत आली बघ.

भागीरथा : गेले. काका, या तारेचं काय करता?

तानबा : सरळ तार खिळ्यावर राहत नाई. देईन कोणाच्या कुंपणाले.

भागीरथा : अन् काकूले काय सांगाल?

तानबा : तेच पाहून राह्यलो. थे अजून इचारते कवा कवा, माही तार हाये ना जागेवर म्हणून.

भागीरथा : मग?

तानबा : हाये म्हणतो. लोकं चपला काढून जाते, त्या कॉम्प्युटरच्या खोलीत ठेवली.