‘थांबा’ची हजेरी

बसमध्ये माझ्या पुढच्या बाकावर शाळेतले एक सर आणि एक वेल्डर बसले होते. मध्ये जळक्या वासाचं पोतं.

“सर, पोतं इकडे द्या, शर्ट काळा होतोय.”

“होऊ दे. चार वर्षं खपून बांधलेलं रॉकेट एका चाचणीत पोत्यात आलं, शर्टाचं काय घेऊन बसलास!”

“कुणाला लागलं नाही, हे नशीब.”

“इंधनाची नळी गळताना तुला दिसली होती?”

“दिसली होती.”

“मग? कुणीही ‘थांबा’ म्हटलं की थांबायचं, असं ठरलं होतं ना?”

“मागे तीनदा म्हणालो. तिन्ही वेळा काहीच निघालं नाही, आणि तुम्ही माझं नावच ‘थांबा’ पाडलंत. चहालासुद्धा हाक तीच.”

“अरे, थट्टा होती ती.”

“हो. मीही हसायचोच की.”

“पण आज गप्प का बसलास? चाचणीआधी हजेरीला जो तो वॉकीटॉकीवर आपलं नाव सांगत होता, तेव्हा तर मोठ्यानं ‘थांबा’ म्हणालास. मी तुझ्या नावापुढे खूण केली आणि बटण दाबलं.”

“ती हजेरी नव्हती, सर.”