ऑनलाइन बंद

(सोलापूर. मोटारसायकलच्या पार्टचं दुकान. मालक मडिवाळप्पा, त्यांची लेक चंद्रिका आणि कंपनीकडून आलेला ऋतुराज.)

ऋतुराज : नाही काका, चूक व्हायचा प्रश्नच नाही. तपासायला ऑनलाइन ऑर्डर आम्हीच टाकली होती. पार्सल उघडलं, डब्यावरचा नंबर बघितला. तुमच्याच दुकानाला दिलेला माल.

मडिवाळप्पा : आसंल की. चंद्री विकती मोबाईलवर. त्यात लपवायचं काय हाय?

ऋतुराज : तेच तर बंद केलंय कंपनीनं. दिवाळीपासून आपला माल ऑनलाइन विकायचा नाही. विकला की डीलरशिप रद्द.

मडिवाळप्पा : ते त्या मोठ्या लोकांसाठी ओ. गोडाऊनमधनं पडत्या भावात विकत्यात, त्यांच्यासाठी. आमच्यासारखी दुकानं जगावीत म्हणून.

ऋतुराज : ही बंदी तुम्हीच मागितलीत काका. पुण्याच्या मीटिंगला उभं राहून बोललात. बाकीच्या डीलरांनी टाळ्या वाजवल्या.

चंद्रिका : मी तेव्हाच म्हणले होते, अप्पा, बोलू नका म्हणून.

मडिवाळप्पा : म्हणालीस. पर मला वाटलं, ऑनलाइन म्हंजे ते लोक. तू तर हितंच बसतीस, माल हितलाच जातोय. मी ते दुकानातच धरत व्हतो.

चंद्रिका : दुकानात गिऱ्हाईक कुठं येतंय अप्पा? माळ्यावर जुन्या गाड्यांचे पार्ट पडून होते. सोलापुरात त्या गाड्याच राहिल्या नाहीत. आसाममधून फोन यायचे, केरळमधून यायचे. त्या पार्सलांवरच चाललं होतं सगळं. तुमच्या मनाला लागेल म्हणून बोलले नाही.

मडिवाळप्पा : कवापासनं?

चंद्रिका : लॉकडाऊन उठल्यापासून.

मडिवाळप्पा : आन मी रोज सकाळी काउंटर पुसून बसतोय.

ऋतुराज : काका, एक वाट आहे. साहेबांशी बोलून आलोय. तुम्ही सांगायचं, मुलीनं मला न विचारता विकलं. यापुढं ती दुकानात बसणार नाही, आणि तुमच्यानंतर डीलरशिप तिच्या नावावर होणार नाही. एवढं केलंत तर डीलरशिप राहील, दुकानावरचा कंपनीचा बोर्ड राहील.

चंद्रिका : सांगा अप्पा. घ्या माझं नाव. मी दुसरीकडं काम बघीन.

मडिवाळप्पा : कुटं?

चंद्रिका : बघीन की.

मडिवाळप्पा : तुझा भाऊ प्रभु नोकरीला बेंगळुरूला गेला, तवा मी दुकान मोडणार व्हतो. तूच म्हणालीस, मी बसते. भाऊबंद हसले, पोरगी क्लचप्लेटा विकणार म्हणून. दुधनीच्या पावण्यांनी तर तुझी सोयरीक मोडली. तरी उठली न्हाईस. आन आता मीच उठवू व्हय तुला?

ऋतुराज : रागाच्या भरात ठरवू नका. एकदा बोर्ड गेला की परत मिळत नाही.

मडिवाळप्पा : राग न्हाय ओ. तुमी लिवा, मडिवाळप्पानं विकलं. दुकान माझं, माल माझा, आन ठाऊक बी व्हतं मला.

ऋतुराज : मग कंपनीचा सगळा माल आत्ताच सील करावा लागेल. एकही डबा विकता येणार नाही.

मडिवाळप्पा : करा.

चंद्रिका : अप्पा, थोडा विचार...

मडिवाळप्पा : चंद्री, त्यास्नी शिडी दे. बोर्ड जड हाय, दोघं धरून उतरवा. खाली वायरी हायत.

चंद्रिका : (थोड्या वेळानं) गेले ते, अप्पा. कपाटांना सीलच्या पट्ट्या चिकटवून, बोर्ड घेऊन गेले. शटर ओढू का?

मडिवाळप्पा : ऱ्हाऊ दे. कोन तरी यायलंय.

सयाजी : नमस्कार मालक. मी सयाजी, करकंबचा. गाडीचा ब्रेक लागंना झालाय, ब्रेकशू पायजे. ओरिजिनलच द्या, घरची पोरं बसत्यात गाडीवर.

मडिवाळप्पा : एवढ्या लांबनं आलाव?

सयाजी : काय करायचं मग? मोबाईलवर मागवत व्हतो, तर तितं आता मिळंनाच. कंपनीच्या दुकानात जावा म्हणतंय. त्यात तुमचं नाव आलं. ह्यो फोटो बघा, बोर्ड कसा झकास दिसतोय. हितं वर बघतोय तर बोर्डच न्हाय, म्हणून दोनदा पुढं जाऊन आलो. हेच न्हवं ते दुकान?

मडिवाळप्पा : हेच व्हतं. बसा, पानी प्या.