जिराफाखालचा फळा

सुधीरराव, या शाळेचे प्राचार्य, शिक्षक, पालक, आणि समोर खाली बसलेल्या माझ्या मुलांनो,

मला बोलायला सांगितलं की मी उठतो आणि बोलतो. तीस वर्षं हेच केलं. शिक्षकांच्या मोर्चात बोललो, तहसील कचेरीसमोर बोललो, लग्नात आणि सत्कारात बोललो. आज मात्र खुर्चीवरून उठायला वेळ लागला. शेजारच्या पालकांनी हात दिला, त्यांचे आभार मानतो.

माझी ओळख सांगतो. मी आहेर. मूळ नांदगाव तालुक्यातला. देवळाली कॅम्पच्या पलीकडे एका वाडीत जिल्हा परिषदेची चौथीपर्यंतची शाळा आहे, तिचा मी मुख्याध्यापक. दोन खोल्या, दोन शिक्षक. ज्यांच्यासाठी आपण जमलो, त्या वृंदाताई, सुधीररावांच्या पत्नी, या मोठ्या शाळेत सेवा आणि उपक्रमांच्या प्रमुख होत्या. शाळा सुटल्यावर मुलांनी काय करायचं, कुठं जायचं, कुणासाठी काम करायचं, हे त्या ठरवायच्या. मागच्या मंगळवारी त्या गेल्या. दोन महिने आजारी होत्या. दुखणं काय आहे ते त्यांना माहीत होतं, आणि त्याबद्दल त्यांनी कुणाला फार बोलू दिलं नाही.

मित्रहो, चार वर्षांपूर्वी मी याच मंचावर उभा होतो. हाच माईक होता. त्या दिवशी मी जे बोललो, त्याबद्दल मला आज बोलायचं आहे. वृंदाताईंचे गुण इथं सगळ्यांना माहीत आहेत. माझा अवगुण सगळ्यांना माहीत नाही.

आमच्या शाळेत तळफळे आहेत. तळफळा म्हणजे काय, हे इथल्या काही पालकांना माहीत नसेल. वर्गाच्या भिंतीला खालच्या अंगाला एक काळा पट्टा रंगवलेला असतो. त्याचे चौकोन पाडलेले असतात. एका मुलाचा एक चौकोन, वर त्याचं नाव. मुलानं मांडी घालून बसायचं, लिहायचं, पुसायचं, पुन्हा लिहायचं. ज्या घरात स्वतःची अशी एक पेटीही नसते, त्या घरातल्या मुलाचं नाव भिंतीवर असतं. ही लहान गोष्ट नाही. मी याला फार मोठं मानतो.

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी गावी गेलो होतो. या शाळेत नववीपासून मुलांना सेवेचे तास भरावे लागतात. मुलं बसमधून आमच्या वाडीत आली. सरपंचांची परवानगी घेतली होती. दोन दिवस राबली. सुट्टीनंतर मी कुलूप उघडलं, तर चारही भिंती रंगलेल्या. हत्ती, मोर, इंद्रधनुष्य, आणि खिडकीपाशी एक उंच जिराफ. चित्रं सुंदर होती, खोटं कशाला बोलू? पण तळफळे नव्हते. पोरांची नावं नव्हती. सगळ्यावर रंग बसला होता.

तिसरीतली कोमल माझ्या मागं उभी होती. ती म्हणाली, "सर, माझ्या फळ्यावर जिराफ उभा हाय. मी कुठं लिहू?"

मला संताप आला. तो संताप खरा होता. आजही मला तो खराच वाटतो.

त्यानंतर या शाळेचं स्नेहसंमेलन होतं. आम्हाला निमंत्रण आलं. त्यात आमच्या शाळेला दत्तक शाळा म्हटलं होतं. इथं, माझ्या मागच्या पडद्यावर, आमच्या भिंतीचे फोटो दाखवले. टाळ्या झाल्या. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. मी दोन शब्दांवर थांबणारा माणूस नाही. मी म्हणालो, आमच्या शाळेचे आईबाप जिवंत आहेत, तुम्ही तिला दत्तक कशाला घेता? मी म्हणालो, ज्याला तुम्ही सेवा म्हणता, तिच्यात ज्याची सेवा करायची त्यालाच कुणी विचारत नाही. मी म्हणालो, तुमच्या मुलांना तास भरायचे होते, म्हणून माझ्या मुलांचे फळे गेले. कोमलचा प्रश्नही तिच्या नावासकट सांगितला.

आणि तिथं, त्या डाव्या पायरीशी, वृंदाताई उभ्या होत्या. मी बोट दाखवलं. होय, बोट दाखवलं. म्हणालो, "या बाईंनी आयुष्यात एकदा जरी गरिबाच्या पोरापुढं खडू धरला असता, तर त्यांना हे कळलं असतं."

मागच्या बाकांवरून टाळी आली. मला ती आवडली. हे सांगताना आज लाज वाटते, पण ती टाळी मला आवडली.

वृंदाताईंच्या हातात आभाराचा नारळ आणि शाल होती. माझं संपल्यावर त्या वर आल्या, मला शाल घातली, आणि खाली गेल्या.

सोमवारी सकाळी त्या वाडीत आल्या. बसने आल्या. फाट्यापासून चालत. हातात बादली, पिशवीत पॉलिश पेपर. मी दारातच उभा राहिलो. मनात पुढचं भाषण तयार होतं. त्यांनी नमस्कार केला आणि एकच प्रश्न विचारला. "सर, कोमलला विचारलंत का, तिला आता काय हवंय?"

मी विचारलं नव्हतं.

दिवाळी होऊन दोन महिने झाले होते, मित्रहो. कोमल दोन महिने फरशीवर लिहीत होती. काळा रंग कॅम्पातल्या दुकानात मिळतो. मोटरसायकलवर अर्धा तास. मी तो आणला नाही. का आणला नाही? स्वतःला मी सांगत होतो की ज्यांनी बिघडवलं त्यांनीच दुरुस्त करावं. खरं कारण वेगळं होतं. ती भिंत मला तशीच हवी होती. ती माझा पुरावा होती. मला इथं येऊन बोलायचं होतं.

या शाळेच्या मुलांनी न विचारता भिंत रंगवली. मी न विचारता ती तशीच ठेवली. दोघांच्याही मध्ये एक पोरगी फरशीवर बसून लिहीत होती. कोमल, तू इथं आहेस. आता सातवीत आहेस. तुला हे मी कधी सांगितलं नव्हतं, आज सांगतो.

वृंदाताई आत जाऊन तिच्याशेजारी खाली बसल्या. विचारलं. कोमलनं भिंतीकडं पाहिलं, विचार केला, आणि म्हणाली, "मुंडकं ऱ्हाऊ द्या मॅडम. पाय काढा. ते वरून बघंल मी काय लिहिते ते."

म्हणून आमच्या वर्गात आजही अर्धा जिराफ आहे. वर मान, खाली काळा फळा. तपासणीला आलेले साहेब विचारतात, हे असं का? मी सांगतो, मुलीनं सांगितलं म्हणून.

त्या शनिवारी मुलं पुन्हा आली. जिराफ जिनं काढला होता ती रेवा, तेव्हा नववीत होती. आज पुण्याहून आली आहे, तिथं दुसऱ्या रांगेत बसली आहे. तिला स्वतःच्याच जिराफाचे पाय घासून काढायचे होते. ती रडत होती. मला वाटलं, वृंदाताई तिला बाजूला घेतील. त्यांनी तिला रडू दिलं, पाणी दिलं, पण हातातला पॉलिश पेपर काढून घेतला नाही. पाय निघाले. काळा रंग लागला. रंग वाळल्यावर वृंदाताईंनी खिशातून खडू काढला, मधोमध मोडला आणि अर्धा कोमलला दिला.

इथं बसलेल्या शिक्षकांना कळलं असेल. नवा खडू फळ्यावर किंचाळतो. मोडून दिला की गप्प लिहितो. हे वर्षानुवर्षं फळ्यासमोर उभं राहिलेल्या माणसालाच सुचतं. मी विचारलं, हे कुठं शिकलात?

म्हणाल्या, "पंचवटीत. महापालिकेच्या शाळेत अठरा वर्षं होते मी."

एवढं बोलून त्या दुसऱ्या मुलाकडं वळल्या.

अठरा वर्षं. भाजीवालीच्या, हमालाच्या, रिक्षावाल्याच्या पोरांना त्यांनी शिकवलं होतं. आणि मी त्यांच्याकडं बोट दाखवून काय म्हणालो होतो? त्या माईकपाशी येऊन एका वाक्यात मला खाली बसवू शकल्या असत्या. त्यांनी मला शाल घातली.

त्याच क्षणी मी माफी मागायला हवी होती. मी म्हणालो, "अरे वा."

पुढं चार वर्षं शनिवारी दुपारी यांची बस यायची. वृंदाताईंनी पद्धत ठरवून दिली. पहिल्या शनिवारी काहीही काम करायचं नाही. वाडीतल्या एका मुलाशेजारी बसायचं आणि त्याच्याकडून काहीतरी शिकायचं. यांची मुलं इंग्रजीत शिकणारी, मराठी बोलायची, पण वाचताना अडायची. आमच्या कोमलनं रेवाला वाचायला शिकवलं. एकदा मी दाराबाहेरून ऐकलं. तिसरीतली पोर नववीतल्या पोरीला म्हणत होती, "तू एवढी घोडी झाली, तुला ळ येत नाय? तुझे सर मारत नाय का?" रेवा म्हणाली, आमच्याकडे मारत नाहीत. कोमल म्हणाली, "आमचे पण नाय मारत. नुसते बोलत राहतात."

हसा, मुलांनो. मीही हसलो होतो. मॅडमना आवडलं असतं.

सेवेच्या तासांचा एक छापील कागद असतो. त्यावर पहिला प्रश्न होता, मी काय दिले? वृंदाताईंनी तो पेनानं खोडला आणि वर लिहिलं, मी काय शिकले, कोणाकडून? आणि खाली, शिकवणाऱ्याची सही. रेवाच्या पहिल्या कागदावर कोमलची सही आहे. नाव, आणि नावाखाली एक कोंबडी. इथल्या कार्यालयानं हरकत घेतली. तिसरीतल्या मुलीची सही चालणार नाही म्हणाले. वृंदाताई म्हणाल्या, मग तुमची सही खाली करा, वर तिचीच राहील. आणि ती राहिली. प्राचार्य साहेब मान हलवताहेत. त्यांनी तेव्हा नाइलाजाने हलवली होती, आज मनापासून हलवताहेत.

आता जे त्या दिवशी बोललो, त्याचं काय? मी स्पष्ट सांगतो. बाकीचं भाषण मी मागं घेत नाही. दोन शाळांमध्ये चार किलोमीटर अंतर आहे, आणि एकीकडं घोडे आहेत, तरणतलाव आहे, तर दुसरीकडं पत्र्याखाली दोन खोल्या आहेत. हा अन्याय आहे. मी मरेपर्यंत त्याबद्दल बोलणार. वृंदाताईंनाही तो अन्यायच वाटायचा. त्या म्हणायच्या, सर, तुम्ही बोला, मी बस आणते. मी मागं घेतो ते एक वाक्य. खडूचं.

ते वाक्य मागं घ्यायला मला चार वर्षं होती. दर आठवड्याला एक शनिवार होता. दर शनिवारी त्या मला भेटत होत्या. मी फळ्याबद्दल बोललो, पावसानं गळणाऱ्या पत्र्याबद्दल बोललो, सरकारबद्दल तर किती बोललो. त्या एका वाक्याबद्दल बोललो नाही. एकदा त्याच म्हणाल्या होत्या, "तुम्ही छान बोलता. ऐकायला लागलात तर अजून छान बोलाल." मी त्यावरही बोललो होतो.

शेवटचा महिना. मी पंचवटीत त्यांच्या घरी गेलो. मनाशी ठरवून, वाक्यं जुळवून गेलो. त्या खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरला होता, डोळे तेच होते. मी घसा साफ केला. त्यांनी विचारलं, "सर, भाषण आहे का?"

मी म्हणालो, नाही, म्हणजे थोडं आहे.

"मग आधी चहा घ्या."

सुधीररावांनी चहा आणला. चहा पिऊन होईपर्यंत वृंदाताईंनी कोमलची चौकशी केली. हायस्कूलला जायला बस वेळेवर मिळते का, पायात काही आहे का, अजून कोंबडी काढते का. मी सांगत गेलो. चहा संपला. त्यांना दम लागला होता. मी उठलो. दारापर्यंत आलो आणि वळलो. तोंड उघडलं. तीस वर्षं मोर्चे गाजवणाऱ्या माणसाला दोन शब्द सापडले नाहीत. त्या म्हणाल्या, "शनिवारी बस येईल. माझी वाट पाहू नका."

सुधीरराव, तुम्ही परवा मला सांगितलंत की त्यांनी ते कधीच मनावर घेतलं नव्हतं. तुमचा मी ऋणी आहे. पण त्यांनी मनावर घेतलं नाही म्हणून मी सुटत नाही.

म्हणून काल कार्यालयातून मी त्यांचा तो कागद मागून घेतला. मुलांचा असतो तोच. मोठ्या माणसांसाठी वेगळा नाही. तो भरलाय. वाचून दाखवतो, छोटा आहे.

नाव, आहेर सर.

मी काय शिकलो? बोलण्याआधी विचारायचं. आणि चुकलं तर त्याच आठवड्यात सांगायचं.

कोणाकडून? वृंदाताई. महापालिका शाळा, पंचवटी.

ताई, या माईकवर बोललो होतो, म्हणून याच माईकवर सांगतो. मी चुकलो. मला माफ करा.

खाली एक ओळ राहिली आहे. शिकवणाऱ्याची सही. मघाशी कोमलनं हा कागद पाहिला आणि विचारलं, सर, मी करू का सही? मी तिला नाही म्हणालो. ही जागा रिकामी राहील. हा कागद मी आमच्या वर्गात, त्या अर्ध्या जिराफाच्या मानेशेजारी लावणार आहे. तो वरून बघेल.

आता उभे राहूया. दोन मिनिटं कुणी काही बोलायचं नाही. आणि सगळ्यात आधी मी.