साडेपाचचा टायमर

कॉफीची मशीन घेऊनबी मी तुमच्यासंगं चहाच काऊन पेऊन राह्यलो, ते सांगतो.

मशीन गरम व्हाले अर्धा घंटा लागते, आन् बायकोले नेरडीगोंड्याच्या शाळेत जायाले साडेसहाची बस. म्हणून प्लगले टायमर लावला. रात्री म्या भिंतीवरचं बटन चालू ठेवाचं, साडेपाचले टायमरनं मशीन चालू कराची, सहाले उठून म्या कॉफी काढाची.

पन सहाले पाहो तं मशीन थंडी आन् बटन बंद. बायको म्हने, "रात्री बटन दाबाले तुमी भुलता." आठ दिवस ते बिनकॉफीची शाळेत गेली. मलेबी वाटाले लागलं, आपलं डोकं काम देऊन नाई राह्यलं.

नवव्या दिवशी पाचलेच उठून सैपाकघरात बसलो. साडेपाचले मशीनचा लाल लाइट लागला. तेवढ्यात बाबा आंगोळ करून आले आन् बटन बंद केलं.

"बाबा, हे रोज तुमी करता?"

"मंग? रातभर चालू ठेवून झोपतं तू. सूनबाईले म्या अजून सांगतलं नाई, उगाच बोलन तुले."

त्यायले टायमर समजावून सांगतला. बाबा म्हने, "पाचले उठनारा मानूस घरात असताना त्या डबीले काऊन काम सांगतं?"

आता टायमर काढला. साडेपाचले बाबाच मशीन चालू करतेत. आन् पावनेसहाले बंदबी करतेत. बोअरची मोटर असो का कॉफीची, रिकामी चालली तं जळते म्हन्तेत.