बार डोक्यावर, कंबर जागेवर

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या व्यायामशाळेचे कारभारी ईश्वरप्पाअण्णा, व्यासपीठावरील तहसीलदार साहेब, ज्यांना निरोप देताना जीव जड झालाय ते आमचे सरदार वस्ताद, आणि अहमदपूरकर बंधू-भगिनींनो,

मी पंचशीला. वस्तादांकडे वजन उचलायला शिकलेल्या पहिल्या मुलींपैकी एक. त्यांच्याबद्दल चार गोड शब्द बोल, असं मला सांगितलंय. बोलते. पण मुलींच्या वर्गाला कुलूप का लागलं, हे टाळून वस्तादांबद्दल काय बोलणार?

लातूर जिल्हा नवा झाला, स्पर्धांसाठी आपला वेगळा संघ निघणार म्हणून आम्ही हुरळून गेलो होतो. त्यात दुष्काळ. सकाळी टँकरवरून घागरी आणायच्या आणि संध्याकाळी बार उचलायचा. थोड्याच दिवसांत माझी कंबर धरली. अण्णा म्हणाले, "पोरीच्या जातीला हे झेपत न्हाई." वर्ग बंद. अण्णा, तुम्ही काळजीपोटीच केलंत, हे मी जाणते.

वस्ताद मात्र आमच्या घरी आले. म्हणाले, "बेटी, ही काठी डोक्यावर धर." मी धरली, तर हसायलाच लागले. "आगं, तू घागर कडेवर घेतल्यागत उभी राहिलीस. एका बाजूनं कंबर बाहेर, पाठ वाकडी. दुखंल न्हाई तर काय?"

आम्हा सगळ्या मुलींची तीच सवय निघाली. मुलांना ती कशी नाही? अहो, मुलं टँकरवर गेली होती कधी?

मग आमच्या अंगणात शिकवणी सुरू झाली. पाठ भिंतीला, दोन पायांत खांद्याइतकं अंतर, पोट आणि कुल्ले आवळून काठी सरळ वर. कंबर भिंतीपासून सुटायला लागली की थांबायचं. दुखलं तरी थांबायचं, त्यात लाज कसली? बार कुलपात होता, म्हणून पुढं काठीला विटा बांधल्या आणि एकेक वाढवत गेलो. आज माझी कंबर दुखत नाही. आई समोरच बसलीय, विचारा तिला.

वस्ताद उद्या लेकाकडे नांदेडला चाललेत. काल त्यांनी विचारलं, "पोरींचं काय?" मी म्हटलं, "मी शिकवते." त्यांचे डोळे भरून आले, माझेही. शाल-श्रीफळ आपण दिलंच आहे, पण त्यांना खरं हवंय ते अजून दिलेलं नाही.

सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्यात कमी-जास्त झालं असेल तर लेकरू समजून माफ करा. पण अण्णा, चावी तुमच्या खिशात आहे आणि मुली बाहेर उभ्या आहेत. ती माझ्या हातात पडेपर्यंत मी माईक सोडणार नाही.