डिंकातले पट्टे

(फिलाडेल्फिया, डिसेंबर १७७६. घोडागाड्या रंगवायचा कारखाना. बाहेर शिंग वाजतं.)

एनॉस : ऐकलंस? शिंग झालं! दे लवकर, डॉर्कसमावशी. घोडदळ नदीकडे निघालंय आणि निशाणवाला इथे रंगाच्या डब्यांत उभा!

डॉर्कस : अरे धसमुसळ्या, हात लावू नकोस.

एनॉस : बघू तरी दे. निशाणावरचा घोडा काय उधळलाय! दावं तोडून सुटलाय नुसता. इंग्लंडच्या राजाने आता बसावं रिकामं टोक धरून.

डॉर्कस : तुटलं तरी गळ्यात लोंबतंयच की. कॅप्टनसाहेबांनी तेवढं पुसू दिलं नाही.

एनॉस : लोंबू दे. मला हा कोपरा आवडला. मागच्या वर्षी इथे राजाच्या झेंड्यावरचा क्रूस होता. तेव्हा आपण न्याय मागत होतो, आता काहीच मागत नाही. तेरा वसाहती, तेरा पट्टे! पण तुझं नाव कुठंय? काका होते तेव्हा गाडीच्या दांडीवरसुद्धा स्वतःचं नाव घालायचे.

डॉर्कस : राहिलं.

एनॉस : अगं, हे काय? बोटाला निळा रंग आला.

डॉर्कस : सांगत होते ना, हात लावू नकोस म्हणून!

एनॉस : पण वाळलाय की. माझंच बोट ओलं होतं, बाहेर बर्फ भुरभुरतंय. आणि खाली... मावशी, खाली लाल क्रूस दिसतोय. हा तेलरंग नाही?

डॉर्कस : डिंकातला आहे.

एनॉस : तो तर पाण्याने जातो!

डॉर्कस : जावा म्हणूनच लावलाय. ओलं फडकं फिरवलं की जुनं निशाण जसंच्या तसं. कॅप्टनसाहेबांनी तसंच सांगितलं होतं. इंग्रज नदीपलीकडे येऊन बसलेत, वसाहतींच्या काँग्रेसनेसुद्धा गावातून गाशा गुंडाळला. उद्या फासे उलटे पडले तर? धक्क्यावर कॅप्टनसाहेबांची वखार आहे, बाबा.

एनॉस : आणि माझं काय गं? तलवार हातात घेतली म्हणून शस्त्राला न शिवणाऱ्या आमच्या क्वेकर पंथाने मला सभेतून काढलं. वडिलांनी आधी माझं ताट वेगळं मांडलं, मग मांडायचंच बंद केलं. मला कुठल्या फडक्याने पुसणार आहात?

डॉर्कस : ओरडू नकोस माझ्यावर.

एनॉस : तुला माहीत होतं. रोज येऊन मी या पट्ट्यांचं कौतुक करायचो आणि तू नुसती हसायचीस.

डॉर्कस : होतं माहीत! आणि खरं सांगू? मला बरंच वाटलं. या गावात रेशमावर रंग धरवणारे हात कितीसे आहेत? इंग्रज आले की पहिली थाप माझ्या दारावर. तुम्ही घोड्यांवरून पळाल. मी कुठे जाऊ?

एनॉस : मी नाही पळणार.

डॉर्कस : तेच तर. काल तुझी आई चोरून येऊन गेली. विचारत होती, निशाण धरणाऱ्याला लढाईत लपता येतं का.

एनॉस : मग? काय सांगितलंस?

डॉर्कस : येतं म्हटलं. काय सांगणार होते दुसरं?

एनॉस : ...दे तेलरंग. मीच फासतो.

डॉर्कस : वाळायला आठवडा जाईल त्याला. ती फळीवरची काळी बाटली काढ. गाड्यांवरचं व्हार्निश, लगेच वाळतं. रंगावर एक हात फिरला की रंग आत कोंडला. मग पाऊस पडो नाहीतर निशाण नदीत बुडो. कॅप्टनसाहेबांना नाही पुसता येणार. मलाही नाही.

एनॉस : मावशी, नक्की ना?

डॉर्कस : विचारत बसू नकोस, माझं मन फिरेल. धर, ताण कापड. तुझ्या बोटाने गेलेली जागा आधी भरते. हं. आता शेगडीची ऊब लागू दे. अरे, लांबून! पेट घेतं ते.

एनॉस : वाळलं बघ. गुंडाळू?

डॉर्कस : मुळीच नाही! गुंडाळलंस की तडकलं.

एनॉस : कॅप्टन म्हणाले, गावाबाहेर पडेपर्यंत गुंडाळूनच आण.

डॉर्कस : उघडंच ने. आणि त्यांच्या वखारीवरून ने.

एनॉस : पुन्हा शिंग वाजलं. निघालो मी.

डॉर्कस : थांब. तो बारीक कुंचला दे इकडे.

एनॉस : आता काय राहिलं?

डॉर्कस : नाव. तुझ्या काकांचं नको, माझं घालते.