खुब्यावर एक बोट

...नाही हो, कंबर नाही! सगळे कंबरच म्हणतात. तुम्हाला सांगतो, कंबर मागे, हे दुखणं बाजूला, इथे, पॅंटच्या शिवणीवर, खुब्याचं हाड हाताला लागतं ना, तिथे. तीस वर्षं सलूनमध्ये उभा आहे मी, वस्तरा कधी थरथरला नाही, आणि मध्ये सहा महिने, जिना चढताना कळ, त्या कुशीवर वळलो की कळ... मेहुणा म्हणाला मणका सरकला, थोरल्या भावाने नस दबली असं ठरवलं, आणि एक गिऱ्हाईक तर तोंडाला साबण फासलेल्या अवस्थेत म्हणतं, खुबा बदलावा लागणार. माझे वडील खुब्यापायीच अंथरुणाला खिळले ते उठलेच नाहीत, हे त्याला काय ठाऊक? सलूनची किल्ली कोणाच्या हातात द्यायची, इथवर माझा विचार पोचला होता.

शेवटी डॉक्टरीणबाई गाठल्या. माझ्या मुलीच्या वयाच्या. एक्स-रे पाहिला, चांगला आहे म्हणून बाजूला ठेवला. मोजे घालता येतात का विचारलं. आता खुब्याचा आणि मोज्यांचा काय संबंध? येतात म्हटलं. मग दुखऱ्या पायावर उभं केलं आणि सेकंद मोजू लागल्या, तीसपर्यंत. बाराला मी भिंत धरली. मग आडवं केलं आणि एक बोट... एक बोट ठेवलं हो, बरोबर तिथे! मी टेबलावरून वीतभर उडालो.

"मोजे घालता येतात, म्हणजे सांधा ठीक आहे," त्या म्हणाल्या. "कुल्ल्याचा स्नायू हाडाला जिथे बांधलेला असतो, ती दोरी थकलीय. तुम्ही एकाच पायावर लटकून उभे राहता ना?"

आता बोला! बाईंनी माझं सलून पाहिलेलं नाही. तीस वर्षं मी आरशासमोर उभा, मला नाही दिसलं, आणि ह्यांना? एक बोट!

बरं, उपाय काय, तर भार दोन्ही पायांवर, मांडीवर मांडी टाकायची नाही, झोपताना गुडघ्यांमध्ये उशी, आणि रोज सांगितलेला व्यायाम, हळूहळू वाढवत. इंजेक्शनचं विचारलं तर म्हणाल्या, देता येईल, पण आराम थोडे दिवसच, व्यायाम काही सुटणार नाही. तीन महिने केला. परवा जिना चढून गेलो आणि वरून वाकून पायऱ्या मोजल्या, बावीस... मीच चढलो ह्या?

त्याच तोऱ्यात घरी आलो. बायको भांडी विसळत होती. म्हटलं, बघ, कसं ते एक बोट ठेवलं त्यांनी, आणि तिच्या खुब्यावर ठेवून दाखवलं. ती जागच्या जागी कळवळली. मी बोट मागे घेतलं. कधीपासून दुखतंय? तर म्हणे दोन वर्षं.

"अगं, मग बोलली का नाहीस?"

तिने हातातलं पातेलं पालथं घातलं आणि म्हणाली, "तुमचं सांगून झालं की सांगणार होते."